तांबडीच्या खाली

आबा,

काल आमच्या शेजारी बोअरचं मशीन आलं होतं. सांगलीत हे आता रोजचंच झालंय, कुणी मान वर करून बघतही नाही. मी मात्र व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. धूळ नाकातोंडात जातेय, आत चला, असं सून दोनदा म्हणाली, तरी उठले नाही. आधी काळी माती आली, मग मुरूम, मग राखाडी भुकटी, आणि जेवणाच्या सुमाराला पाइपाच्या तोंडून एकदम तांबडा गाळ उसळला. मी ताडकन उभी राहिले आणि मशीनवरच्या माणसाला हात करून ओरडले, "अहो, थांबा, तांबडी लागली!" तो बिचारा तिकडं दक्षिणेकडचा, त्याला माझं बोलणं काय कळणार? तो हसला आणि मशीन तसंच खाली गेलं. थोड्या वेळानं पुन्हा राखाडी. सत्तरी ओलांडलेली बाई भर दुपारी रस्त्यात उभी राहून का रडतेय, ते सुनेला कळेना आणि मला सांगता येईना. म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही किती विहिरी खोदल्या ते तुम्हालाही नीट आठवत नसे. कराडपासून इस्लामपूरपर्यंत कुणाच्या रानात पाणी लागेना झालं की बोलावणं तुम्हालाच. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. सुरुंगाची दारू मिळायची नाही, मिळाली तर पोलीस दहा प्रश्न विचारायचे, म्हणून सगळं काम पहार, घण आणि छिन्नीवर. शाळा सुटली की मी तुमची भाकरी घेऊन रानात यायची आणि काठावर पालथी पडून खाली बघत राहायची. खालून घणाचा आवाज यायचा. आवाज बदलला की तुम्हाला खडक बदललेला कळायचा, डोळ्यांना दिसायच्या आधीच. आणि तांबडी लागली की तुमचं ठरलेलं होतं. दोन काळ्या खडकांच्या मधला तो वीतभर जाडीचा, विटेसारखा तांबडा थर दिसला की तुम्ही पहार आडवी टाकायचात, वरून नारळ मागवायचात, त्या ओल्या तांबडीचं बोट पहारीला लावायचात आणि म्हणायचात, "झाली इहीर." मालक कितीही मागं लागला तरी त्याच्या खाली एक टोला नाही. पाणी त्या थरावर साचतं, तो फोडला की जातं, एवढंच तुमचं शास्त्र. "घागरीच्या बुडाला कुनी भोक पाडतंय व्हय?" असं तुम्ही मालकाला विचारायचात.

मी तेव्हा सातवीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. गावात सातवीपर्यंत पोचलेली मुलगी मी एकटीच, आणि तुम्हीही मला डोक्यावर बसवून ठेवलेलं. गुरुजींनी त्या आठवड्यात पृथ्वीच्या पोटातलं शिकवलं होतं. शाळेत चित्र नव्हतं, म्हणून त्यांनी घरून कांदा आणला आणि चाकूनं उभा चिरला. वरचं पातळ साल म्हणजे आपण राहतो ते कवच, आतले जाड पापुद्रे म्हणजे तप्त खडक, मधला कोंब म्हणजे गाभा. मग त्यांनी सांगितलं की आपला सगळा मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा आहे. रस वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला, असे थरावर थर. मी घरी येऊन तुम्हाला हे सगळं एका दमात सांगितलं. आई चुलीपुढं होती. मी तिच्या पाटीतला मोठा कांदा उचलला, तशी ती ओरडली, "आगं ए, कालवनाला ठेवलाय त्यो! जिमिनीचं पोट फाडायला माजाच कांदा घावला व्हय तुला?" तुम्ही हसून म्हणालात, "फाडू दे गं. आपुनबी त्येच करतोय की." मी कांदा चिरला. तुम्ही एकेक पापुद्रा बोटानं सोडवून बघितलात आणि प्रत्येक पापुद्र्याखालची ओल अंगठ्यानं चाचपलीत.

त्याच दिवशी तुम्हीही मला एक गोष्ट सांगितली होती. आदल्या महिन्यात एका विहिरीत खडकाची एक बाजू आरशासारखी गुळगुळीत निघाली होती, तिच्यावर एकाच दिशेनं ओढल्यासारखे ओरखडे होते. "ह्यो धोंडा दुसऱ्या धोंड्यावर घासलाय," तुम्ही म्हणालात, "जिमीन सरकती बग पोरी. आपल्याला कळत न्हाई येवडंच." मी खो खो हसले. गुरुजींनी सांगितलं होतं की खंड जागचे हलत नाहीत, हलतात असं म्हणणारा कुणी एक परदेशी माणूस होऊन गेला, पण शहाणी माणसं त्याला हसतात. तेव्हा मीही शहाण्यासारखी हसले. तुम्ही रागावला नाहीत. "आसंल बाबा," म्हणालात आणि कांद्याचा उरलेला अर्धा भाग आईच्या पाटीत ठेवलात.

सुभेदारांच्या विहिरीचं काम तेव्हा चालू होतं. पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस, टेकडीच्या उतारावर रान, आणि ऊस लावायचं मनानं घेतलेलं. तांबडी लागली होती, कमरेएवढं पाणी होतं, तुमचा नारळही फुटला होता. पण उसाला ते पुरेना. "अजून खाली चला, अजून खाली चला," म्हणून सुभेदार रोज घरी येऊन बसायचे. तुम्ही रोज नाही म्हणायचात. पण कांदा चिरल्यापासून तुमचं मन थोडं हललं होतं, ते मला दिसत होतं. एका सकाळी अंगात बंडी घालता घालता तुम्ही मला विचारलंत, "तांबडीच्या खाली पुन्ना तसाच थर आसंल, आन त्येच्यातबी पानी आसंल, आसं हाय का तुज्या पुस्तकात?" पुस्तकात थरांचं होतं. पाण्याचं एक अक्षर नव्हतं. पण तुमच्यासारखा माणूस मला विचारतोय, माझ्या उत्तरावर पहार उचलणार आहे, या गोष्टीची मला इतकी चढली की मी म्हणाले, "व्हय आबा, लिवलंय की."

तुम्ही तांबडी फोडलीत. मी शाळेतून थेट रानात आले तेव्हा पाणी गुडघ्यावर उतरलं होतं आणि तुम्ही त्यात उभे राहून पायांकडं बघत होतात. तळातून गुळगुळ आवाज येत होता. गडी चिखल, चिंध्या, गवताचे बोळे आणून भोकात कोंबत होते. दिवस मावळायच्या आत विहीर कोरडी पडली. तिसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याला, ओढ्याच्या काठी, दुसऱ्याच्याच बांधातून झरा फुटला. बायका तिथं धुणं घेऊन गेल्या. तुम्ही एकटे गेलात, ओंजळभर पाणी प्यायलात आणि घरी येऊन म्हणालात, "त्येच पानी हाय." सुभेदारांनी चावडीपुढं नको नको ते ऐकवलं. तुम्ही मान खाली घालून एवढंच म्हणालात, "आवं सुभेदार, माजाच अंदाज चुकला." पुस्तकाचं नाव नाही, माझं तर नाहीच. त्यानंतर त्या अंगाची बोलावणी थांबली, मग सगळीकडचीच थांबली. ज्या हातांना खडकाच्या आतलं पाणी कळायचं ते हात पुढं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडू लागले.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी तुम्ही मला उंबऱ्यावर बसवलंत आणि म्हणालात, "त्ये पान वाच बरं जरा." मी पुस्तक उघडलं. त्या क्षणी खरं बोलले असते तर तुम्ही एक धपाटा घातला असता आणि सगळं मिटलं असतं. मी बोट ओळीवर ठेवलं आणि नसलेली वाक्यं वाचू लागले, पुस्तकी भाषेत, अगदी 'तदनंतर' आणि 'विपुल जलसंचय' घालून. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. "लय झ्याक लिवलंय," म्हणालात आणि उठून गेलात. मी सुटले, असं मला वाटलं. दुसऱ्या वर्षी तुम्ही मला साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलंत. भाऊबंद बोलले, आई रडली, तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन गुरुजींकडं गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं. उंबऱ्यावर मी पान वाचलं त्याच दुपारी तुम्ही ते पुस्तक टॉवेलात गुंडाळून त्यांच्याकडं गेला होतात आणि ते पान दोनदा वाचून घेतलं होतंत. त्यात पाणी नाही हे ऐकल्यावर पुस्तक पुन्हा टॉवेलात गुंडाळलंत. मग म्हणालात, "जे लिवलेलंच न्हाई ते ह्या पोरीनं घडाघडा वाचलं, गुर्जी. म्हंजी डोकं हाय. हिला फुडं शिकवाय पायजे." आणि निघताना, "तिला काय बोलू नगा. बापानं तपासलं म्हनून वाईट वाटंल तिला." गुरुजी हसत हसत सांगत होते. मी पेढ्याचा पुडा तिथंच ठेवला आणि निघाले.

आबा, मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. निम्म्या वाटेवर पुस्तकं बदलली. जमीन मोठमोठ्या तुकड्यांची आहे, ते तुकडे सरकतात, एकमेकांवर घासतात, अडकतात आणि सुटले की भूकंप होतो, असं त्यांत छापून आलं. आपला अख्खा देश दक्षिणेकडून सरकत वर आला, अजून सरकतोय, साधारण नखं वाढतात त्या वेगानं. पहिल्यांदा हे फळ्यावर लिहिलं तेव्हा मी खडू ठेवून खुर्चीत बसले. मुलींना वाटलं बाईंना चक्कर आली. कोयनेकडं तो मोठा भूकंप झाला तेव्हा तुम्ही नव्हतात. आपल्या जुन्या घराची भिंत उभी चिरली होती, तिच्यावरून हात फिरवत मी मोठ्यानं म्हणाले, "आबा, सरकली बघा." ऐकायला कुणी नव्हतं. तुम्ही मला फार हवे आहात, आबा. अजूनही हवे आहात. तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं की पुस्तक चुकलं होतं आणि तुम्ही बरोबर होतात. तुम्ही घणानं चेचलेल्या आपल्या नखांकडं बघून नक्की काहीतरी खट्याळ बोलला असतात.

हे पत्र टाकायचं कुठं? आणि तुम्हाला कुठं वाचता येत होतं! आलेलं पत्र मीच वाचून दाखवायची. म्हणजे हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि मी काय वाचतेय याचा तुम्ही भरवसा धरला असतात का, कोण जाणे. म्हणून घडी घालून ट्रंकेत ठेवते आहे. फक्त एक सांगायचं राहिलंय.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे हे मला कळल्यावर तुम्ही आणखी दहा-अकरा वर्षं जगलात. दर दिवाळीला यायची तेव्हा मनात ठरवून यायची आणि चहा पिऊन परत जायची. शेवटच्या दिवाळीत तुम्ही खाटेवर होतात. मला जवळ बसवलंत, माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "सुभेदाराच्या इहिरीचं तुला कवा काय बोलायचं आसंल तर बोल गं. म्या न्हाई रागवायचा." मी हात सोडवला. म्हणाले, "पुढच्या खेपेला बोलू आबा, माझी गाडी निघंल." तुम्ही म्हणालात, "जा, जा, गाडी चुकंल." आबा, गाडीला अजून दीड तास होता. तो सगळा वेळ मी स्टँडवरच्या बाकावर बसून होते.