तिरकी चकती

सोमवार, ४
लागले एकदाची कामाला. प्रयोगशाळेची झाडलोट, आणि राहायला तिच्याच भिंतीला लागून खोली. लेक खूश. खाटेवर आडवीतिडवी पसरली. सरळ झोपणं तिला जन्मात जमलं नाही. मॅडम म्हणाल्या, रोज काय पुसलं ते लिहा. म्हटलं, चौथीपर्यंतचीच अक्षरं आहेत, चालवून घ्या.

मंगळवार, ५
एवढ्या मोठ्या यंत्रात आहे तरी काय, विचारलं. मॅडम म्हणाल्या, एकावर एक दोन पापुद्रे, केसाहून कितीतरी पातळ, मधे भिंतीसारखा तिसरा. विजेचे कण ती भिंत न फोडता पलीकडे उमटतात. पण दोन्ही पापुद्रे एका रेषेत हवेत. बाहेरची चकती फिरवून तिरके केले की कण अडतात. म्हटलं, आमच्या नळाच्या पाण्यालाही शिकवा जरा. हसल्या.

गुरुवार, ७
यंत्राची चकती वाकडी होती. वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. पुसता पुसता सरळ केली.

शुक्रवार, ८
लेकीची वाटी खोलीतून गायब. सापडली प्रयोगशाळेत, कुलपाच्या आत. लेक म्हणते, मी भिंतीला लावून ठेवली होती. थापा मारू नकोस म्हणून झापलं. रागात खाट भिंतीला सरळ लावली, तिलाही सरळ निजवलं. हलायचं नाही म्हटलं.

शनिवार, ९
खाट रिकामी. कडी आतून. पांघरूण तिच्या आकाराचं, तसंच.
प्रयोगशाळेत धावले. मॅडमनी चकती नुकतीच फिरवून पुन्हा तिरकी केलेली.
"कोणी सरळ केली ही?"
लेक तिथेही नाही.

रविवार, १०
भिंतीतून हाक आली — आई.
मॅडम म्हणतात, कण मधे कधी नसतोच. इकडे, नाहीतर तिकडे. मग मधून हाक मारतंय कोण? पाया पडले. चकतीला हात लावू देत नाहीत, किल्लीही काढून घेतली. पोलिसांत जा म्हणाल्या.

सोमवार, ११
हाक बारीक झालीय. पापुद्र्याएवढी —

मंगळवार, १२
कुलूप फोडलं. चकती सरळ केली. तरी येत नाही.
हलू नको म्हटलं होतं ना मी. पोर ऐकतेय माझं —
मीच जाते आणायला. तिच्या खाटेवर, भिंतीला लागून, सरळ पडलेय.
डावा हात गेला. आत गार आहे. बोटं लागली — तिचीच —
पलीकडे मॅडमच्या चपला वाजतायत — यंत्राकडे —
मॅडम, थांबा, तिरकी नका क