बिनधुराचे निखारे

प्रिय सुचिता,

तू फोन उचलत नाहीस म्हणून रागावून लिहितेय असं समजू नकोस. रागवायला माझ्यात त्राणच उरलेलं नाही. शनिवारी सकाळची शाळा आटोपून साखरखेर्ड्याहून दुसरबीडला, आईकडे गेले होते. ती चूल पेटवत नाही, गॅससुद्धा नाही. शेजारची सुवर्णाकाकू भाकरी आणून देते, ती आई पार गार झाल्यावर खाते. दारं-खिडक्या दिवसरात्र सताड उघड्या. थंडीने ओठ फुटलेत तिचे.

तिचे प्रश्न मात्र संपत नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे मला ठाऊक असणारच. ओल्या लाकडाचा धूर डोळ्याला झोंबतो, मग त्याच लाकडाचा निखारा का झोंबला नाही? मी सांगते, कोळसा जळताना हवा पुरली नाही की वेगळाच वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. ती वर्गातल्या मुलीसारखी ऐकते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारते. सिलिंडरचा वास कसा येतो मग? मी म्हटलं, तो मुद्दाम घालतात, गळती कळावी म्हणून. त्यावर ती म्हणाली, "मंग निखाऱ्यात काऊन नाही घातला कोणी?"



गेल्या वर्षी त्या दिवशी तुझ्या बाजेखाली शेगडी ठेवायच्या आधी तिने काय केलं, ते तुला माहीत नाही. तू आत बाळाला पाजत होतीस. ती अंगणात बसून चिमट्याने एकेक निखारा निवडत होती. जरा धूर दिसला की बाजूला टाकायची. लेकराच्या नाकात धूर जायला नको म्हणून. नुसते लालबुंद, स्वच्छ निखारे भरले, खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली आणि तुम्हाला झोप लागावी म्हणून दार हलक्या हाताने लोटून घेतलं. आपल्याकडे सगळ्या बाळंतिणी अशाच शेकल्या, आपल्या दोघींच्या जन्माच्या वेळी तीही. फक्त ते घर कुडाचं होतं, भिंतीतून वारा यायचा. हे पक्कं घर. तू वाचलीस, बारशाआधीच लेकरू गेलं, आणि त्या दिवसापासून तू आईशी बोललेली नाहीस. तुझा राग खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

मला सातवा लागलाय. तुला हे कसं सांगू, म्हणून इतके दिवस गप्प होते. बाळंतपणाला कुठे जायचं हे ठरवायलाच मी शनिवारी गेले होते. मी तोंड उघडायच्या आधीच आई म्हणाली, "तू इथं येऊ नको बाई. माह्या हाती आता लेकरू देऊ नको." मी तिला जवळ घेऊन म्हणायला हवं होतं की तुझ्याशिवाय कोण करणार माझं. पण मला हायसं वाटलं, सुचिता. सुटल्यासारखं वाटलं, आणि ते तिने माझ्या तोंडावर वाचलं. माझ्यासाठी बाहेर काढून ठेवलेली बाज उचलून परत मागे नेऊन ठेवली. "तुझी चूक नाही" असं मी तिला वर्षभर समजावत आले, आता माझं ती कधीच खरं मानणार नाही. मानलं तर तुझंच मानेल. म्हणून लिहितेय. क्षमा नको करूस. नुसती ये आणि तिच्या हातची एक गरम भाकरी माग.

तुझीच,
ताई