सखूने विचारलेलं

लालबाग,
रविवार, ३ फेब्रुवारी १९८५

प्रिय सखू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हीत तू एकच विचारलंयस, की तुझ्या ताईने, गुणवंतीने, तिच्या दुखण्याबद्दल मला कधी काही सांगितलं होतं का. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तेव्हा तुला वाटलं असेल, पोस्टमनने घोळ घातला. पोस्टमन बिचारा वेळेवर येतो. मीच टाळत होते. आजही आधी माझं रडगाणं गाते, मग तुझ्या प्रश्नाकडे येते.

गुणवंतीला झालं तेच मला झालंय. डाव्या छातीत. दत्तजयंतीच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, आता मशीनचा शेक चालू आहे. आज रविवार म्हणून सुट्टी. इस्पितळाची माझी भीती तुला ठाऊकच आहे. आई बाळंतपणाला गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नर्सने तिचं मंगळसूत्र कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं, म्हणाली आई बाहेर आली की दे. संध्याकाळी बाबांनी मला उचलून घरी आणलं तरी माझी मूठ उघडत नव्हती. तेव्हापासून फिनेलचा वास आला की मी वाट बदलते. भिवाला टायफॉइड झाला तेव्हासुद्धा मी डबा फाटकावरच्या वॉचमनकडे देऊन परत फिरायचे. नवऱ्याला भेटायला न जाणारी बायको म्हणून चाळीत माझं नाव झालं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी मलाही मंगळसूत्र काढायला सांगितलं. भिवाने ते रुमालात बांधलं आणि ती पुरचुंडी बघून माझं डोकंच फिरलं. मोरीत जाऊन येते म्हणून उठले, ती इस्पितळाच्या कपड्यांत थेट भोईवाड्यापर्यंत चालत गेले आणि देवळाच्या पायरीवर बसले. लोक वेडी समजून लांबून जात होते. अर्ध्या तासाने भिवा आला. ओरडेल असं वाटलं होतं, पण शेजारी बसला आणि म्हणाला, "संपात मी मोडलो, कवशे. तू मोडू नको." त्याला मिलने परत घेतलं नाही हे तुला लिहिलं होतंच. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता. मी उठले आणि त्याच्याबरोबर परत गेले.

शेकाला रोज जावं लागतं, आणि रोज कुठून धीर आणायचा? म्हणून मी पूर्वी मिलमध्ये सकाळच्या पाळीला निघायचे तशीच निघते. अंबाडा घट्ट, पदर खोचलेला, हातात डबा. भिवाला सांगते, कामावर जाते. फाटकातून मान खाली घालून आत शिरते, पाळीला उशीर झालेल्या बाईसारखी. मशीनवाला हलू नका म्हणतो, जाड दार लावून घेतो, आणि मी डोळे मिटून पडून राहते. कातडी करपून काळी पडलीय, हात वर जात नाही. माझा डबा बघून चाळीत बातमी उठली की आमचं सूत गुंडाळायचं वाइंडिंग खातं पुन्हा सुरू झालं. समोरच्या दोघी विचारायला आल्या, आमचंही नाव घाल म्हणून. मी खरं सांगितलं. माझ्याआधी त्याच रडल्या.

आता तुझा प्रश्न. संपाच्या आधीचा डिसेंबर. वाइंडिंगच्या आवाजात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून आम्ही बायका ओठ बघून बोलायचो. समोरच्या रांगेतली काय म्हणते ते लख्ख कळायचं. गुणवंती माझ्या समोरच असायची. त्या दिवशी हात बॉबिनवर ठेवूनच ती म्हणाली, "छातीत गाठ हाय. शनिवारी इस्पितळात येशील संगती? एकटीला भ्या वाटतं." मला सगळं कळलं. आणि मी मान खाली घालून धागा जोडत बसले. आमच्यात बोलणं नको असलं की एवढंच करायचं, नजर काढून घ्यायची. मग समोरचीला वाटतं, हिने पाहिलंच नाही. धागा तुटलेला नव्हता, सखू. तिने पुन्हा विचारलं नाही. महिन्याभरात संप लागला, ती गावी आली, आणि तिचं शेवटपर्यंतचं सगळं तू तुझ्या हाताने केलंस. तू लिहितेस, ताई हट्टी, कुणाला बोलली नाही. हट्टी नव्हती ती. मी भ्याले.

मन मोकळं करायला हे लिहीत नाही. तसं असतं तर आणखी वर्षभर टाळलं असतं. परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईला, बहिणीला कुणाला होतं का? सख्ख्या बहिणीला असलं की आपल्याला जास्त जपावं लागतं म्हणाल्या. मला बहीण नाही. गुणवंतीला तू आहेस. आणि दुसऱ्या पत्रात तू सहज लिहून गेलीस, की पाण्याचा हंडा उचलताना काखेत काहीतरी लागतं, आणि लगेच पुढे आंब्याच्या मोहराचं लिहिलंस. त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही. माझ्या तोंडावर थुंकायचं असेल तर थुंक, पण इथे येऊन थुंक. परळच्या डेपोवर भिवा घ्यायला येईल. इस्पितळात मी येईन तुझ्याबरोबर, आतल्या खोलीपर्यंत, तुझा हात धरून. मी अजून रोज घाबरते, तूही घाबर, पण ये. शिमग्यापर्यंत थांबू नको.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
कौसल्या