विरघळता सांधा

साखरखेर्डा, १४ नोव्हेंबर १९३७

आज पोचलो. भगवंतरावांची मोटार मेहकरला घ्यायला आली होती. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वेचणीच्या बायका मोटारीकडे पाहून हसत होत्या. गाव मला आवडले. राहायला मळ्यातली कोरडी खोली आहे, शेजारी बारमाही विहीर. फिल्म छापायला आणि धुवायला याहून चांगली जागा पुण्यातही मिळाली नसती. जेवताना भगवंतराव म्हणाले, तुम्ही देवाले मानत नाही म्हनतात, मंग आमच्या वांग्याच्या भरताले तरी मानता का नाही? मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१५ नोव्हेंबर

काम समजले. गेल्या वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, सोजराचे, लग्न होते. बापाने हौसेने दोन कॅमेरे बोलावले होते. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरीवर एक, दुसऱ्या बाजूला नवरदेवावर एक. पोर सकाळपासून उपाशी, डोक्यावर ऊन. शेवटचे मंगलाष्टक चालू असताना ती कोसळली आणि दिवस मावळायच्या आत गेली. हार घातला गेलाच नाही. मुहूर्तासाठी उपाशी पोरीला वैशाखात उभी करणारी ही रूढी खुनी आहे. हे मी कोणत्याही व्यासपीठावर बोलेन. पण तिच्या आईला, कौशल्याबाईंना, मी फक्त काय काम आहे ते विचारले. त्यांनी एवढेच मागितले, माह्या लेकीचं लगन लागू द्या, भाऊ. पडद्यावर तरी.

१७ नोव्हेंबर

दोन्ही रिळे पाहिली. सोजराकडचा कॅमेरा ती पडताच थांबला. पलीकडच्याला काही कळलेच नाही, तो फिरवीत राहिला. त्यात बीबी गावचे उत्तमराव, म्हणजे नवरदेव, हार घालून घ्यायला मान किंचित वाकवून उभे आहेत. अंगावर अक्षता पडताहेत. चेहऱ्यावर अजून आनंद आहे. तो पाहवत नाही.

हळदीच्या दिवसाचाही एक तुकडा सापडला. मैत्रिणी सोजराला हार घालायचा सराव करायला लावतात, ती हसत दोन्ही हात उंचावते.

हे दोन तुकडे नुसते कापून जोडले तर डोळ्याला धक्का बसेल. म्हणून एक चित्र विरत जाईल आणि त्यातूनच दुसरे उमटेल, असा सांधा करायचा. छापताना पहिल्या चित्रावरचा प्रकाश हळूहळू कमी करायचा, फिल्म मागे घ्यायची आणि त्याच जागेवर दुसरे चित्र प्रकाश वाढवीत छापायचे. मधल्या हातभर फिल्मवर दोघे एकाच चौकटीत येतात. तिचा हार त्यांच्या वाकलेल्या मानेवर.

२० नोव्हेंबर

उत्तमराव बैलांची दमणी जुंपून बीबीहून आले. लाजरा, सरळ माणूस. पुढच्या महिन्यात त्यांचे दुसरीकडे लग्न ठरले आहे. तो सांधा करू नका म्हणाले. जे लगन लागलंच नाही ते तुम्ही काऊन लावून राह्यले? तिले जाऊ द्या. मलेही जाऊ द्या. मी त्यांना बराच वेळ ऐकवले. फिल्मवर चांदीचे कण असतात, आत्मे नसतात. शिकलेला तरुण असे बोलू लागला तर या प्रांताचे काय होणार? त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. लय छान बोलता तुम्ही, म्हणाले, आणि दमणीत बसले. त्यातली चपराक मला मागाहून लागली.

२४ नोव्हेंबर

दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टाकून, मोटारीच्या बॅटरीवर दिवा लावून खेळ दाखवला. सांधा सुरेख उतरला. उत्तमराव विरत गेले, त्यांच्यातून सोजरा उमटली आणि हार मानेवर आला. त्याच क्षणी कौशल्याबाई उठल्या. ओच्यात कुंकवाच्या अक्षता आणल्या होत्या. त्यांनी पडद्यावर टाकल्या, मग सगळ्याच बायकांनी टाकल्या. बाहेर वाजंत्री बसवून ठेवली होती, ती वाजू लागली. मला कोणी काही सांगितले नव्हते. भगवंतराव रडले, मीही रडलो. दुःखाला एवढा उतारा दिला तर कोणाचे काय बिघडले?

२६ नोव्हेंबर

बीबीहून निरोप. उत्तमराव परवा दुपारी अंगणात कोसळले. अंग तव्यासारखे तापले आहे. डॉक्टर म्हणतो, ऊन लागल्यासारखे दिसते. या थंडीत. योगायोग आहे. मी लिहून ठेवतो, योगायोग आहे.

२७ नोव्हेंबर

रीळ तपासले. सांधा मी हातभर केला होता. आज दोन्ही हात पसरले तरी संपत नाही. सोजरा जिथे यायला नको तिथे दिसते. आधी धुरासारखी, मग — ओल धरली असेल फिल्मने. पण हे मीच छापले आहे. मीच.

२९ नोव्हेंबर

आणखी पसरला. उत्तमराव घोड्यावरून मांडवात येतात, तिथेही ती शेजारी. ते मात्र विरत चालले आहेत. बाशिंग दिसते, तोंड दिसत नाही. मूळ निगेटिव्ह काढून पाहिली. तिच्यातही तसेच. सरळ कापाचा सांधा असता तर उसवला असता, इकडे ती, तिकडे ते. इथे कात्री लावू कुठे? प्रत्येक चित्रात दोघे आहेत.

बीबीचा गडी सांगत होता, उत्तमरावांना शुद्ध नाही. मधेच ओरडतात, अंतरपाट धरा रे कोनी.

३० नोव्हेंबर

जाळतो म्हणालो. भगवंतराव दारात आडवे झाले. पोरीले दोनदा जाळू का, म्हणाले. काडेपेटी खिशात ठेवली, रीळ डब्यात.

१ डिसेंबर

कौशल्याबाई बीबीला जाऊन आल्या. उत्तमरावांच्या आईने त्यांचे पाय धरले होते. परत येऊन सरळ माझ्या खोलीत आल्या. माह्यी गेली, म्हणाल्या, तिचा पोरगा तरी राहू द्या. कापा. नवऱ्याला त्यांनीच दारातून बाजूला केले. कात्रीही त्यांनीच घेतली. फिल्म भिंगाखालून मागे मागे सरकवताहेत. मी शेजारी बसून लिहितो आहे, हाताला काहीतरी हवे म्हणून. नवरदेवाची मिरवणूक निघते तिथे तरी ते एकटे असतील. तिथे कापायचे —

सापडत नाही म्हणतात.

अजून मागे —

विचारतात, नवरदेव कोन्या बाजूले आहे, भाऊ? डावीकडे, म्हणालो. घोड्यावर.

घोडं आहे म्हणतात. वर कोनी नाही. सोजरा एकटीच उभी आहे, हसून राह्यली, अन् तिचे हात रिकामे, हार तर घोड्यावर, जिथं मान असावी तिथं, अधांतरी लोंबून राह्यला —