शनिवारचं तेल

गुरु. ८ जाने. १९८७
मुलीचं वजन वाढलंय! वेळेआधी झाली म्हणून महिनाभर हॉस्पिटलात, सुनीता तिच्यापाशीच. सिस्टर म्हणाली, घर उबदार असेल तर पुढच्या गुरुवारी घेऊन जा. बारसं घरीच करायचं. आमच्या या इंग्रजी खेड्यात गॅसची लाइन नाही, घर तापवायचं ते हीटिंग ऑइलवर, आणि त्याची टाकी तळाला. भाव उतरेल म्हणून थांबलो होतो, उलट चढला. शहाणाच मी. टँकर शनिवारी.

शनि. १०
ड्यूटीवरून आलो, टाकी रिकामीच. टँकर आला होता, आईने परत पाठवला. शनिवारी तेल विकत घेत नाहीत म्हणे. वर ड्रायव्हरला चिवडा! पुण्याहून आली नातीसाठी आणि नातीच्याच… म्हटलं, हे खायचं तेल नाही, जाळायचं आहे.
"समईतलं काय खायचं असतं?"
कपाळावर हात मारला.

सोम. १२
तेलाच्या डेपोचा फोन लागेपर्यंत बर्फ. आमचा चढ बंद.

बुध. १४
बॉयलर थंड. विजेच्या हीटरने एक खोलीही तापत नाही. सिस्टरला खरं सांगितलं. म्हणाली, मग बाळ इथंच. सुनीताने फोन ठेवून दिला. ते जास्त लागलं. घरी येऊन आईवर ओरडलो. दोन शाली पांघरून बसून राहिली, जेवली नाही. तिचा रागही येतो, कीवही येते. वैताग नुसता.

गुरु. १५
डेपो: रस्ता असेल तर शनिवारी. दुसरा दिवस नाही! आईला सांगायला जीभ रेटेना. सांगितलं. बराच वेळ वाती वळत बसली.
"शनिवारी मारुतीला तेल वाहतात. त्याला वाहिलं म्हणेन. येऊ दे."

शनि. १७
टँकर चढाखाली उभा. निसरडं आहे, वर आणणार नाही म्हणतो. सकाळभर फावडं मारून माझी कंबर गेली. आई माझे गमबूट चढवून, पदर खोचून बर्फ वितळायला मीठ टाकतेय. घरातलं संपलं, आता लोणच्यासाठी पुण्याहून आणलेलं खडे मीठ. आत ये म्हटलं तर ऐकत नाही. ड्रायव्हर स्वयंपाकघरात चहा पितोय. संपला की एकदाच प्रयत्न करणार, नाहीतर परत.
फोन वाजतोय. सुनीताच असणार. काय सांगू हिला?