विटांवरची जीप

४ फेब्रुवारी १९६८, लोणावळा
जीप आली. ट्रकला दोर बांधून आणली, कामशेतहून. लढाईच्या काळातली, स्टिअरिंग डाव्या हाताला. लाकडाच्या ठेकेदाराने जंगलात वापरून टाकून दिलेली. तळाच्या पत्र्याची चाळण. इंदू म्हणाली, एक संसार मोडका होता तो पुरेना का? पण कशासाठी घेतली ते तिला माहीत आहे. मागच्या श्रावणात वहिनीला धाप लागली तेव्हा दादाने तिला झोळीत घालून गावाहून टाकव्यापर्यंत, पक्क्या रस्त्यापर्यंत, आणली. सहा तास, भर पावसात. आई गेल्यावर मला वहिनीनेच वाढवलं. तिला पुन्हा झोळीत बघायची नाही.

१७ मार्च
ड्यूटी सुटली की जीप. इंजिन उतरवलं. शेडमध्ये रेल्वेची धुडं उघडतो, त्यापुढे हे खेळणं. असं वाटलं होतं. दोन बोल्ट तुटले, एक बोट सोललं.

२८ एप्रिल
इंजिन बोललं! धूर इतका, की शेजारचे बादली घेऊन आले. इंदू हसली, बऱ्याच दिवसांनी. गिअरबॉक्स मात्र रडतो आहे. दुसऱ्या गिअरचे दात गेलेत. पुण्याचा दुकानदार म्हणाला, महिन्यात आणून देतो. तोवर जीप विटांवर.

१२ मे
गावी जाऊन आलो. टाकव्यापासून चालत. आमच्या अलीकडच्या गावात भिवाकडे पाणी प्यायलो. आमच्या भागात आजारी माणसाला न्यायची रीत अशी की प्रत्येक गावाने आपल्या शिवेपर्यंत न्यायचं, तिथे पुढच्या गावाची माणसं खांदा द्यायला उभी. भिवाच्या गावची ती माणसं तोच जमवतो. झोळीचा बांबूही त्याच्याच पडवीत. म्हणाला, औंदा जुना बदलाया पायजे. मी म्हटलं, बांबू लागायचा नाही आता, यंदा जीप येते.
तोंडातून गेलं. खोटं नव्हतं, फक्त जरा लवकर होतं. आमच्या गावात पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे. दादाची मान ताठ. वहिनी म्हणाली, "माज्यापायी येवडा खटाटोप कशाला? आदी इंदूला फिरव." बोलतानाही दम लागत होता.

२० जून
गिअर नाही. पाऊस लागला. इंदू रोज म्हणते, गावी निरोप धाडा, गाडी झाली नाही म्हणून. खरं आहे. पण कोणत्या तोंडाने? पुढच्या आठवड्यात येईलच गिअर.

९ जुलै
गिअर आला. चुकीचा.

२४ जुलै
वहिनी गेली. काल.
दुपारी गावचा धोंडू दारात, नखशिखांत भिजलेला. "दादांनी गाडी घिऊन बोलावलंय. वैनी शिवंवर हाय." मी त्याला मागच्या अंगणात नेलं. तो जीपकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
ओळखीच्या ट्रकने टाकव्यापर्यंत, पुढे दोघे चालत, पळत. आमच्या माणसांनी तिला शिवेपर्यंत आणलं होतं. पलीकडे खांदा द्यायला कोणी नव्हतं. भिवाचं गाव लावणीला गेलेलं. जीप येणार म्हटल्यावर माणसं कशाला जमवायची? तरी आमच्यांनी तसंच पुढे न्यायला हवं होतं. दादा म्हणाला होता, थांबा, भाऊ गाडी घेऊन येईल.
मी दिसलो तेव्हा दादा माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता. जीप कुठे आहे ते.
घोंगडीखाली वहिनी गार झाली होती. मग भिवाचं गाव धावत आलं, सगळं. खांदा दिला, पण उलट्या दिशेला.

२५ जुलै
मी चुकलो. जीप झाली नाही ही चूक नव्हे. ती झाली नाही हे गावी —

५ ऑगस्ट
काल तेरावं झालं. निघताना पाया पडलो. दादाने पाय मागे घेतले नाहीत. एवढंच.
इंदू म्हणते भंगारात घाला. भंगारवाला बघून गेला. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

१८ ऑगस्ट
बरोबर गिअर आला. टपालाने. पुडकं फोडलं नाही.
संध्याकाळी भिवा आला, एवढ्या लांबून. बसेना. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर त्याची बायको दिवसांत आहे, गणपतीच्या आसपास मोकळी होईल. पहिली दोन्ही मुलं बाळंतपणात अडून गेली.
"ज्ये झालं त्ये झालं," म्हणाला. "गाडी येनार का न्हाई तेवडं सांगा. येत नसंल तर मी बांबू तोडतो."
मी म्हटलं, तोड. आजच्या आज तोड, आणि माणसं सांगून ठेव. गाडीच्या भरवशावर राहू नकोस.
त्याने मान हलवली. इंदूने चहा दिला. पिऊन झाल्यावर कप हातात घेऊनच मागच्या अंगणात गेला, जीपभोवती एक फेरी मारली, वाकून विटा बघितल्या.
"पन झाली तर बरं व्हईल," म्हणाला, आणि स्टेशनकडे गेला.
पुडकं टेबलावर आहे. इंदूने त्याखाली जुना पेपर घातला, तेलाचे डाग पडू नयेत म्हणून.