‘येते’ म्हणजे जाते

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या लाडक्या (आणि घरातल्या बाकी सगळ्यांच्या मते तुझ्यामुळेच बिघडलेल्या) भाचीचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द अक्षरशः घे, कारण मी फरशीवर पालथी पडून लिहितेय. खाट गेली. कशी गेली ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यापासून तू गच्चीवर जास्तच जातेस, ही बातमी इथवर पोचली आहे. बाबांचा रक्तदाब आणि आवाज दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे.

माझं काम काय, असं तू विचारलंस तेव्हा मी ऐटीत ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन’ म्हणाले होते. खरं सांगू? विद्यापीठाच्या तळमजल्यावर, झेरॉक्स मशिनला खेटून एक ऑफिस आहे. परदेशातून आलेली गोंधळलेली मुलं तिथे येतात, आणि त्यांना धीर द्यायला परदेशातूनच आलेली, त्यांच्याहून गोंधळलेली मी शिकाऊ म्हणून बसवली आहे. एकाला खोलीतला हीटर कसा लावायचा ते दाखवायला गेले आणि धुराची घंटा वाजवून अख्खी इमारत रस्त्यावर आणली. (बाहेर कुडकुडताना तोच मला धीर देत होता.) ऑफिसच्या प्रमुखांना मी मनातल्या मनात ‘बाई’ म्हणते. सज्जन इतक्या, की समोरचा जे बोलेल ते खरंच धरून चालतात. माझ्यासारखीच्या हाताखाली (म्हणजे त्यांच्या हाताखाली मी, पण भोगतात त्याच) हा गुण फार महागात पडतो.

आता मुख्य घोटाळा, आणि त्याचं खापर मी तुझ्याच डोक्यावर फोडणार आहे. ‘जाते नाही, येते म्हणावं’ हे लहानपणापासून उंबऱ्यावर अडवून माझ्याकडून कोणी घोकून घेतलं? विमानतळाच्या दारातूनसुद्धा तू मला मागे बोलावलंस आणि शिपाई खेकसत असताना ‘येते’ वदवून घेतलंस. तर पहिल्या संध्याकाळी मी पिशवी उचलली, शब्दाला शब्द लावून इथल्या भाषेत बाईंना ‘मी येते’ म्हणाले आणि सरळ खोलीवर जाऊन झोपले. बाई बिचाऱ्या थांबल्या. कोट घालून, दिवे चालू ठेवून, माझी वाट बघत. शेवटी रखवालदाराने त्यांना घालवलं म्हणे. सकाळी त्यांनी काळजीने विचारलं, वाट चुकलीस का गं? धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुसरी कोणी असती तर माफी मागून गप्प बसली असती. मी व्याख्यान दिलं! आमच्याकडे ‘जातो’ म्हणणं अशुभ, निघणारा माणूस परत येणार असं मानूनच निरोप घेतो, वगैरे वगैरे. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सांगितलं म्हणून मी काउंटरमागच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, की आमच्याकडच्या मुलांनी ‘येतो’ म्हटलं तर ती जात आहेत असं समजावं. खाली लाल रेघही मारली. (फोटो बाबांना पाठवला. बाबांनी तो कोणाकोणाला पाठवला ते तुला माहीतच आहे.)

आणि इथे मफलरवाली आली. आपलीच भाषा बोलणारी, पहिल्या वर्षाची, नाकापर्यंत मफलर गुंडाळलेली मुलगी. तिला इथे करमेचना. वर्गात तोंड उघडायची नाही, एकटी जेवायची, आणि आमच्याकडे येऊन एकच म्हणायची, मला घरी जायचंय. एका सकाळी तिने ऑफिसात यायच्या आधी सरळपणाने फोन करून इथल्या भाषेत सांगितलं, मी येते. फोन बाईंनी उचलला. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, उसासा टाकला, आणि प्रवास सुखाचा होवो, घरच्यांना नमस्कार सांग, म्हणाल्या. (दोन थांब्यांच्या बससाठी केवढी ही माया, असं मफलरवालीला वाटलं.) मग कर्तव्य म्हणून त्यांनी खोली रिकामी झाल्याचं वसतिगृहाला कळवलं आणि मीटिंगला गेल्या. खोलीसाठी ताटकळलेल्या कुणा मुलीला लगेच किल्ली मिळाली.

इकडे मफलरवाली माझ्यासमोर बसलेली. मी तिला तासभर समजावलं, हीटरची गोष्ट सांगितली, आणि पोरगी चक्क हसली! राहून बघते म्हणाली आणि खुशीत परत गेली. तर दाराला तिची किल्ली लागेना. आतून टॉवेल गुंडाळलेली भलतीच मुलगी डोकावली, आणि हिच्या बॅगा व्हरांड्यात. संध्याकाळी त्या बॅगा घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा माझी सगळी ऐट जिरली. जिला मी थांबवलं, तिला माझ्याच अक्षरांनी बाहेर काढलं होतं. आता ही नक्की जाणार, आणि माझ्यामुळे जाणार. खाट तिला दिली, मी खाली पडले, आणि तिच्या रडण्याची वाट बघत राहिले.

ती रडली नाही, भडकली. ती बया माझ्या खोलीत टॉवेल गुंडाळून फिरते म्हणजे काय, आता तर मी मुळीच हलत नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या व्यवस्थापकाशी इथल्या भाषेत असं कडाक्याचं भांडली, की मला नवे शब्द कळले. पुढच्या आठवड्यात तिला खोली मिळतेय. बाईंनी स्वतः फळा पुसला, आणि मी कामाची वेळ संपल्यावरही विद्यार्थ्यांना थारा देते असं वर कळवून मला आणखी वर्षभर राहायला सांगितलं. बाबांनी ही बातमी सगळ्या इमारतीत वाटली असेलच.

लोभ आहेच. तो आता थोडा वापरायचा आहे, म्हणून खालचं नीट वाच.

तुझी,
फरशीवरची भाची

ता. क. मी मफलरवालीला तासभर समजावलं, असं वर लिहिलंय. तसं नव्हतं गं. ‘घरची आठवण येणारच’ एवढं म्हणाले आणि मीच रडायला लागले. तिने मफलर सोडून माझे डोळे पुसले. (लोकर फार टोचते.) मला पाहूनच तिला वाटलं, हिच्यापेक्षा आपलं बरं चाललंय.

आणखी ता. क. बाईंना मी नाही म्हणून सांगितलं. मला इथे राहायचं नाही, आत्या. माझ्या जागी मफलरवाली बसणार आहे, ती त्या कामाला खरी योग्य. पण हे बाबांना सांगायची माझी छाती नाही. तू त्यांचे लहानपणी कान पिळलेत, ते तुझंच ऐकतात. एवढं तू सांग, फोनवरून सांग, जिने चढू नकोस.

शेवटचं. इथलं काम संपलं की मी येते. या वेळी हा शब्द बाईंसारखा घे, आणि दिवा चालू ठेव.